केकवरचे अक्षर

अनेक जैन घरांत आता वाढदिवसाला केक होतो आणि तो घरीच होतो. कारण सरळ आहे. बाजारच्या केकमध्ये काय आहे, याची खात्री दुकानदाराच्या शब्दावर घ्यावी लागते. घरच्या केकची खात्री आपल्या ओट्यावर असते. कंडेन्स्ड मिल्क, दही आणि खाण्याचा सोडा यांच्या बळावर फुगणारा बिनअंड्याचा केक लेकी-सुनांच्या हातचा झाला आहे. त्यावर क्रीमचा गुळगुळीत थर देणेही सरावाने जमते. काम अडते ते शेवटच्या पावलावर, म्हणजे नाव लिहिताना. दोन तासांच्या मेहनतीवर अर्ध्या मिनिटात वाकडी अक्षरे उमटतात. शेवटचे अक्षर कडेवरून घसरते, नाहीतर अनुस्वार भलत्याच जागी पडतो.

ही झाली हाताची अडचण. याच घरांत दुसरीही एक अडचण असते आणि ती अधिक नाजूक आहे. नातवंडांना केकवर आपले नाव हवे असते. आजीला नावावर सुरी चालवणे रुचत नाही. अक्षर हे ज्ञानाचे साधन. ते कापून खाणे म्हणजे ज्ञानाची आशातना, असे तिने व्याख्यानांतून ऐकलेले असते. अशा वेळी कोणीतरी ‘एवढ्या-तेवढ्याचे काय घेऊन बसलात’ म्हणतो, आजी गप्प होते आणि केक कापला जातो. समारंभ पार पडतो, पण एका मनात सल राहतो. या दोन्ही अडचणींना मिळून एकच उत्तर आहे आणि ते आपल्या देवनागरी लिपीच्या घडणीतच दडलेले आहे. तिथवर जाण्याआधी या लेखनकलेची ओळख करून घेणे बरे.

हाताला हे नवे नाही

केकवर साखरेने लिहिण्याची रीत पाश्चात्त्य आहे. शिकागोमध्ये विल्टन या गृहस्थांनी १९२९ साली सुरू केलेल्या उद्योगाने केकसजावटीचे शिक्षण घरोघरी पोहोचवले. क्रीम बाहेर सोडणाऱ्या धातूच्या टोप्यांना, म्हणजे नोझलना, जे क्रमांक त्यांनी दिले ते आज आपल्याकडच्या दुकानांतही चालतात. गोल तोंडाच्या १ ते ४ क्रमांकाच्या नोझल लेखनासाठी असतात. क्रमांक वाढेल तशी रेषा जाड होते. इंग्लंडमध्ये अशा कामासाठी वापरले जाणारे रॉयल आयसिंग हे अंड्याचा पांढरा भाग आणि दळलेली साखर यांचे असते. मेरिंग पावडर नावाने मिळणारी भुकटीही सुकवलेल्या अंड्याच्या पांढऱ्याचीच असते. परदेशी कृती जशीच्या तशी उतरवून घेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

रीत परकी असली, तरी हाताची क्रिया आपल्याला पूर्ण परिचयाची आहे. चकलीचा सोऱ्या म्हणजे चांदणीच्या छिद्राची मोठी नोझलच. हलवाई भोक पाडलेल्या फडक्यातून जिलेबीचे वेढे सोडतो, तेव्हा दाब आणि वेग यांचा हाच मेळ तो साधत असतो. मेंदीचा कोन तर केकच्या कोनाचा सख्खा भाऊ आहे. ज्या मुलीचा हात मेंदीवर बसला आहे, तिला केकवर लिहायला शिकवावे लागत नाही. फक्त मेंदीपेक्षा क्रीम अधिक फुगते, एवढे सांगावे लागते.

बटर पेपरचा त्रिकोण गुंडाळून कोन करावा. तो निम्माच भरावा; काठोकाठ भरलेला कोन वरून फुटतो. टोक सुमारे २ मिलिमीटर कापावे. उजव्या हाताच्या अंगठ्याने वरून दाब द्यावा आणि डाव्या हाताच्या बोटाने टोकाला आधार द्यावा. टोक केकला टेकवून ओढू नये. ते किंचित वर धरावे, म्हणजे क्रीमची दोरी आपल्या वजनाने खाली पडत जाते आणि रेषा सरळ बसते. अक्षर संपण्याच्या क्षणभर आधी दाब थांबवावा, मग हात उचलावा. शेपट्या येतात त्या दाब चालू ठेवून हात उचलल्याने.

सरावासाठी केक लागत नाही. स्टीलचे ताट पालथे घालावे, त्यावर लिहावे, उलथन्याने खरवडून पुन्हा कोनात भरावे. वीस-पंचवीस वेळा हे केले की हाताला दाबाचा अंदाज येतो आणि सामान वाया जात नाही.

किती अक्षरे मावतात

वाकड्या लेखनाचे खरे कारण बहुधा हात नसतो, हिशेब असतो. जागेचे अंदाजपत्रक न करता लिहायला घेतले की पहिली तीन अक्षरे ऐसपैस आणि शेवटची दोन दाटीवाटीने, हे ठरलेले. हिशेब सोपा आहे. एक किलोचा केक साधारणपणे २० सेंटिमीटर व्यासाचा असतो. दोन्ही कडांना अडीच-अडीच सेंटिमीटर सोडले की मधली ओळ १५ सेंटिमीटरची मिळते. केक गोल असल्याने वरची आणि खालची ओळ याहून आखूड. मध्यापासून ४ सेंटिमीटर वर लिहायचे म्हटले, तर हातात साडेबारा सेंटिमीटरच राहतात.

आता ‘वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा’ हे शब्द घ्या. पहिल्या शब्दात ६ अक्षरे, उरलेल्या दोहोंत प्रत्येकी ३. सर्वांत लांब शब्द सर्वांत आखूड ओळीवर येतो, म्हणजे प्रत्येक अक्षराला जेमतेम २ सेंटिमीटर. त्यात ‘च्या’सारखे जोडाक्षर बसवायचे. शिवाय नावाला जागा कुठे? म्हणून घरच्या केकवर एक शब्द लिहावा, फार तर दोन. नुसते नाव ठसठशीत लिहिलेले असले की शुभेच्छा त्यात आल्याच. त्या बोलून द्यायला सारे घर भोवती उभे असतेच.

लिहिण्याआधी शब्द कागदावर लिहून घरातल्या दुसऱ्या कोणाकडून तपासून घ्यावा. कागदावरची चूक खोडता येते. केकवर खोडायला गेले की डाग राहतो. मोठ्यांच्या समारंभांत ठरावीक शब्द हमखास चुकतात. ‘आशीर्वाद’मध्ये शी दीर्घ आहे. ‘अभीष्टचिंतन’मध्ये भी दीर्घ आहे. वयाच्या एक्याऐंशीच्या सुमारास होणारे ‘सहस्रचंद्रदर्शन’ स्र ने लिहायचे. त्यात त चा संबंध नाही. ‘शुभेच्छा’ हा शब्द तर जितक्या प्रकारे चुकवता येईल तितक्या प्रकारे चुकवला जातो.

मात्रा-वेलांटीचे मोल व्यापारी घरांना सांगायला नको. जुन्या महाजनी लिपीत काना-मात्रा गाळून लिहीत. काकाजी अजमेरला गेले, असे एका पेढीने कळवले आणि पत्र वाचणाऱ्याने ‘काकाजी आज मर गया’ असे वाचून घरात रडारड केली, हा किस्सा पिढ्यान्‌पिढ्या सांगितला जातो. धनादेशावर नावातला एक फरक बँक परत पाठवते. केक कोणी परत पाठवत नाही, पण ज्याचे नाव चुकले तो फोटोत मात्र तसाच राहतो.

कशाने लिहावे

बटरक्रीमसाठी बिनमिठाचे लोणी १ भाग आणि आयसिंग शुगर २ भाग, वजनाने, हे प्रमाण रूढ आहे. लेखनासाठी त्यात चमचा-दीड चमचा दूध घालून ते किंचित सैल करावे. सुरीने उचलले की टोक उभे राहून हळूच वाकले पाहिजे. साखर दोनदा बारीक चाळणीतून चाळावी; एक कण टोकात अडकला की ओळ मध्येच तुटते.

मात्र लोणी ३२ ते ३५ अंश सेल्सिअसच्या सुमारास वितळते आणि त्याआधीच ढिले पडते. आपल्याकडे चैत्र-वैशाखात दुपारचे तापमान याच्या वर असते. ज्या घरांत सूर्यास्तानंतर जेवण होत नाही, तिथे केक चार-पाच वाजताच कापला जातो, म्हणजे ऐन उन्हाच्या वेळी. अशा दिवसांत बटरक्रीमची अक्षरे पाहता पाहता पसरतात. त्यापेक्षा चॉकलेट बरे. घरगुती कामाला कंपाउंड चॉकलेट सोयीचे, कारण त्यात कोको बटरऐवजी वनस्पती तेलाची चरबी असते आणि ते ठरावीक अंशांवर तापवून-निववून घेण्याची खटपट लागत नाही. गरम पाण्याच्या पातेल्यावर दुसरे भांडे ठेवून ते वितळवावे. पाण्याचा थेंबही आत जाऊ देऊ नये. गेला की चॉकलेटचा गोळा होतो.

शिरोरेषेचा उपयोग

आता त्या उत्तराकडे येता येईल. नवशिक्याने केकवर थेट लिहूच नये. नाव हव्या त्या आकारात कागदावर ठळक लिहावे, त्यावर बटर पेपर ठेवून कडांना चिकटपट्टी लावावी आणि खालून दिसणाऱ्या अक्षरांवरून चॉकलेटचा कोन फिरवावा. रेषा ३ ते ४ मिलिमीटर जाड ठेवावी. मग फ्रीजमध्ये १० ते १५ मिनिटे. कडक झालेले अक्षर कागदापासून सुटते आणि केकवर ठेवता येते. चुकले तर वितळवून पुन्हा लिहावे.

रोमन लिपीत लिहिणाऱ्याला या पद्धतीत एकेक अक्षर सुटे उचलावे लागते आणि केकवर पुन्हा ओळीत मांडावे लागते. देवनागरीत तसे नाही. शिरोरेषा सगळ्या अक्षरांना धरून ठेवते आणि अख्खा शब्द एका तुकड्यात उचलला जातो. अट एकच: शिरोरेषा अक्षरांपेक्षा जाड, ५ ते ६ मिलिमीटरची हवी आणि अक्षरे मऊ असतानाच ती वरून ओढायला हवी, म्हणजे दोन्ही एकजीव होतात.

‘प्रशांत’ हे नाव घ्या. श चे दोन भाग एकमेकांना चिकटलेले नसतात. दोघेही शिरोरेषेला लोंबकळतात. रेषा बारीक राहिली तर उचलताना नेमका तिथेच शब्द तुटतो. ग आणि ण यांचेही असेच. अनुस्वार रेषेपासून सुटा असतो, म्हणून तो वेगळा करून घ्यावा किंवा रेषेला टेकवूनच द्यावा. उचलताना शब्दाला हात लावू नये. बटर पेपर ओट्याच्या कडेपर्यंत सरकवावा आणि कागद खाली ओढत जावा. शब्द आपोआप मोकळा होतो.

थेट केकवर लिहिणाऱ्यालाही शिरोरेषेचा आधार आहेच. मोडी लिहिणारे कारकून आधी कागदावर आडव्या रेषा आखून घेत आणि मग त्यांच्याखाली अक्षरे लिहीत. केकवर टूथपिकने अशीच पुसट रेषा ओढावी आणि अक्षरे तिच्याखाली टांगत जावे. ओळ तिरपी जाण्याचे भय उरत नाही. केक आधी अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवला असला तर पृष्ठभाग घट्ट राहतो आणि चुकलेली रेषा सुरीच्या टोकाने अलगद उचलता येते.

नावावर सुरी

उचलता येणारा शब्द ठेवता येतो, तसा काढताही येतो. आजीच्या सलाचे उत्तर हेच. शब्दाच्या आकाराहून किंचित लहान अशी बटर पेपरची पट्टी केकवर ठेवावी आणि तिच्यावर नाव मांडावे. ओवाळणे झाले, फोटो झाले, की पट्टीसह नाव उचलून वाटीत ठेवावे आणि मग सुरी हाती घ्यावी. मुलांना नाव मिळाले आणि नावावर सुरीही चालली नाही. नंतर ते चॉकलेट गरम दुधात सोडले, तर अक्षरे विरून जातात आणि वस्तूही वाया जात नाही. ज्यांना अक्षर खाण्याच्या पदार्थावरच नको वाटते, त्यांनी नाव कागदाच्या लहानशा पाटीवर लिहून केकच्या शेजारी उभे करावे. प्रत्येक घराची मर्यादा वेगळी असते; ती घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून ठरवावी.

ज्या समाजात ज्ञानपंचमीला आणि श्रुतपंचमीला ग्रंथांची पूजा होते, दिवाळीला नव्या वहीवर ‘श्री’चा मनोरा रचला जातो, त्या समाजात अक्षराविषयी असा संकोच वाटणे स्वाभाविक आहे. महावीर, पार्श्व, ऋषभ ही नावे मुलांना हौसेने ठेवली जातात. ती नावे केकवर कापली जाताना पाहून ज्यांचा जीव चरकतो, त्यांच्या भावनेला अडाणीपणा म्हणू नये. पशु-पक्ष्यांच्या आकाराचे केक याच विचाराने टाळले जातात. पिठाचा कोंबडा बळी दिल्यामुळे यशोधर राजाला जन्मोजन्मी दुःख भोगावे लागले, ही कथा सोमदेवसूरींनी १०व्या शतकात ‘यशस्तिलक’मध्ये सविस्तर सांगितली आहे. वस्तू पिठाची असली तरी मनातला भाव मोजला जातो, हे तिचे तात्पर्य. ससा किंवा अस्वल कापण्यापेक्षा फुलांची वेल आणि उचलून ठेवता येणारे नाव, ही सजावट कितीतरी निर्मळ.

रंगाची पाटी वाचावी

अक्षरांना रंग देताना वेष्टनावरचे क्रमांक वाचण्याची सवय हवी. क्रमांक १२० म्हणजे कार्माइन. तो लाल रंग कोचिनील नावाच्या किड्यापासून काढतात. क्रमांक १२२ म्हणजे कार्मोइसिन. नाव कानाला तसेच लागते, पण तो कृत्रिम रंग आहे आणि त्यात कीटक नाही. क्रमांक १३२ च्या निळ्या रंगाचे नाव इंडिगो कार्माइन असले, तरी तोही कृत्रिमच. चकचकीत गोळ्या आणि सजावटीच्या दाण्यांवरचा क्रमांक ९०४ म्हणजे शेलॅक, लाखेच्या किड्याचा स्राव. येथे हिरवा ठिपका पुरेसा ठरत नाही, कारण आपल्या देशाच्या नियमांत मध आणि शेलॅक यांना मांसाहारी घटकांत धरलेले नाही. मऊ, रबरासारख्या सजावटीच्या गोळ्यांत जिलेटिन असू शकते, तेही पाहावे.

घरच्या रंगांत लोक आधी बीट सुचवतात, पण कंदमुळे वर्ज्य असलेल्या घरांत ते चालत नाही. लालीसाठी डाळिंबाचा रस मंद आचेवर आटवून वापरता येतो. पिवळ्यासाठी दुधात भिजवलेले केशर, तपकिरीसाठी कोको पावडर. हे रंग सौम्य असतात, म्हणून पांढऱ्या थरावरच खुलतात. पाणीदार रस बटरक्रीममध्ये थेंबाथेंबाने घालावा, एकदम ओतला तर क्रीम फाटते. वितळलेल्या चॉकलेटमध्ये मात्र तो मुळीच घालू नये.

अक्षर कोणाचे?

कागद खाली ठेवून लिहिण्याच्या पद्धतीत आणखी एक गोष्ट साधते. खालच्या कागदावरचे अक्षर कोणाचेही असू शकते. कोन धरणारा हात सुनेचा असेल, पण वळण घरातल्या दुसऱ्या कोणाचे असेल. अनेक घरांत आजोबांनी चाळीस-पन्नास वर्षे रोजकीर्द आणि खतावणी हाताने लिहिलेली असते. संगणक आल्यावर त्या वह्या माळ्यावर गेल्या आणि ते रेखीव अक्षरही कुणाच्या दृष्टीस पडेनासे झाले. नातवाच्या वाढदिवशी आजोबांना कागद आणि पेन द्यावे आणि नाव त्यांच्याकडून लिहून घ्यावे. सूनबाईने त्यावरून चॉकलेट फिरवावे. हात थरथरत असला तरी हरकत नाही. थरथरीसह ते अक्षर त्यांचेच असते.

तो कागद मात्र नंतर टाकू नये. चॉकलेट तासाभरात दुधात विरते. खालचा कागद तारीख घालून वहीत ठेवला, की नातवाला पुढे आजोबांच्या हातचे आपले नाव सापडते.